करवंदाचा चीक

करवंदं मी देठासकट मिक्सरमध्ये फिरवली. त्यातली निम्मी कच्ची, लालच होती. तो लगदा मी परदेशी दारूत ढवळला, वर बर्फ टाकला आणि आमच्या गोदामाच्या नव्या मॅनेजरसाहेबांना पाजला. पहिल्या घोटानंतर साहेबांचे ओठ एकमेकांना चिकटले आणि मिशीचे दोन केस ग्लासाला. इथवरची चूक कुणाच्याही हातून होईल. खरी चूक मी त्यानंतर केली. हसत हसत म्हणालो, "काय सांगू साहेब, त्या बाईनं फळच खोटं दिलं."

ती बाई म्हणजे आमची करवंदमावशी. भिवंडीजवळच्या शेलार गावामागे, डोंगरातल्या पाड्यावर तिचं घर. चैत्र संपत आला की पहाटे जाळीत हात घालून करवंदं तोडायची आणि उन्हं चढायच्या आत खाली पूर्णा गावात, आमच्या गोदामाच्या गेटशी पाटी मांडून बसायची. कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जायचे, धुरळा उडायचा. मावशी पानांनी पाटी झाकायची आणि धुरळा बसला की पुन्हा उघडायची. एकदा मी तिला नाव विचारलं. "मावशी म्हनतोस ना? मंग नाव कशाला? माजं रेशनकार्ड काढतोस?" त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

तिच्याकडे गिऱ्हाइकाला फळ सहजी मिळत नसे. द्रोण भरायच्या आधी ती एक करवंद बोटांत धरायची आणि विचारायची, "कोंबडा का कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. लहानपणी आपण सगळेच हे खेळलोय. बरोबर सांगितलं तर वर मूठभर जास्त. ट्रकचे ड्रायव्हर, हमाल, गेटवरचे यादवजी, सगळ्यांनी कधी ना कधी ती मूठ मिळवली. मला पाच मोसमांत एकदाही नाही. मी गोदामात स्टॉक बघतो; बंद खोक्यात काय आहे ते न उघडता सांगायचा पगार घेतो. मावशीला हे कळल्यावर ती इतकी हसली की पाटीवरचं पान उडालं.

तर ती दारू. माझा मेहुणा अमेरिकेहून आला आणि बोर्बनची बाटली देऊन गेला. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. ताज्या बेरी घ्या, मडल करा, बोर्बन ओता. 'मडल' म्हणजे नुसतं हलकेच चुरणं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून मिक्सर. आणि बेरी म्हणजे आपली करवंदं, हे माझं संशोधन. गेटवर मी ऐटीत जाहीर केलं, "मावशी, साहेब घरी येणार आहेत. बोर्बनमध्ये घालायला करवंदं हवीत."

"बोरबन?" मावशी म्हणाली. "आता वैशाखात कुठलं बोरबन? बोरं तं थंडीत."

"बोर्बन तो बिस्कुट होता है," यादवजींनी मध्येच ज्ञान दिलं.

दारू आहे हे समजल्यावर मावशीनं पिकलेली काळीभोर करवंदं निवडायला घेतली. मी म्हणालो, "ती लाल पण घाला. फोटोत छान दिसतील." तिनं हात थांबवला. "ती लोनच्याची. चीक हाय त्यांच्यात. पिकलेली बी येकडाव पान्यात ठेव, देठ काढ, हातानं चुर." मी "हो, हो" म्हणालो आणि लाल करवंदं स्वतःच्या हातानं द्रोणात भरली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात ओठांची कथा सांगितली. जेवायच्या सुट्टीत आमची माणसं पाटीपुढून सरळ निघून गेली. "उसका माल खराब है," एवढं गेटवर पोचायला वेळ लागला नाही. मावशीच्या पाटीतलं फळ खोटं निघालं, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिचा सगळा मान त्या एका गोष्टीवर होता. मी तीन दिवस मागच्या गेटनं ये-जा केली. चौथ्या दिवशी ती मागच्या गेटला बसलेली होती.

ओरडेल, अशी माझी तयारी होती. ती ओरडली नाही. "तुजं घर कुठं?" तिनं विचारलं. "आयतवारी येते. ज्याला पाजलंस त्याला बोलव."

रविवारी दुपारी ती पाटी डोक्यावर घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यावर आली. साहेब आधीच येऊन बसले होते. त्यांनी या खेपेला मिशी बारीक केली होती. मावशीनं माझा मिक्सर बाजूला सारला आणि संगीताला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणाली, "पोरी, फडका दे." भिवंडीतल्या घरात एक वेळ मीठ नसेल, पण लूमवरच्या कोऱ्या कापडाचा तुकडा असतोच. पाण्यात ठेवून देठ काढलेली करवंदं तिनं परातीत हातानं चुरली. बी फुटू दिली नाही. "बी फुटली का कडू व्हतं," ती साहेबांना सांगत होती, जणू साहेब उद्यापासून हाच धंदा करणार होते. मग फडक्यातून रस पिळला, त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ.

बाटलीचं बूच काढून तिनं वास घेतला. "मोहाची न्हाय ही."

"मक्याची आहे, मावशी."

"मका?" ती म्हणाली. "मका तं आमी कोंबड्यांना घालतो."

रसात दारू ओतल्यावर तिनं बोट बुडवलं आणि दोन थेंब आमच्या नव्या टाइल्सवर सोडले. "आधी गेलेल्यांना," ती म्हणाली. संगीतानं पुसायला उचललेलं फडकं हळूच खाली ठेवलं.

साहेब प्यायले. ओठ मोकळे राहिले. पुन्हा प्यायले. गर्द जांभळा रंग, आंबटगोड चव, आणि मागून त्या दारूचा जळक्या लाकडासारखा वास. ग्लास ठेवून ते म्हणाले, "मग त्या दिवशी काय झालं होतं?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. सांगणं तिला सहज शक्य होतं. ती पदराला हात पुसत राहिली. मग मीच सांगितलं: लाल करवंदं माझी, मिक्सर माझा, आणि फळ खोटं हे बोलणंही माझंच. साहेब इतके हसले की मला प्रमोशनची उरलेली आशाही सोडावी लागली. सोमवारी सुट्टीत ते स्वतः खाली उतरले, सगळ्यांदेखत द्रोण मागितला आणि म्हणाले, "कोंबडा." कोंबडाच निघाला. मूठभर जास्त मिळाली. मला अजूनही नाही.

त्यानंतर तीन मोसम ती आली. गेल्या वर्षी गेटशी जागा रिकामी दिसली. यादवजी म्हणाले, "घुटना गया मौसी का." जाळीत वाकणं आता होत नाही म्हणे. तिची लेक कधीतरी पाटी घेऊन येते. ती खेळत नाही, नुसतं मोजून देते.

या वैशाखात मी स्वतः रस केला. पिकलेली करवंदं निवडली, पाण्यात ठेवली, देठ काढले, हातानं चुरली, फडक्यातून पिळली. रसाची बाटली घेऊन पाड्यावर गेलो. मावशी ओटीवर पाय पसरून बसली होती. मी भांड्यात रस ओतला, बोटानं दोन थेंब जमिनीवर सोडले आणि भांडं तिच्यापुढे धरलं. ती प्यायली. ओठ एकमेकांवर दाबून, सोडून पाहिले.

मला राहवेना. "कसा झालाय? साहेब म्हणतात, माझ्या हाताला चव आहे. आता मी यात आलं आणि पुदिना घालून बघणार आहे. माझी स्वतःची पद्धत. लोकांना शिकवायलाही हरकत नाही म्हणा, एवढा हात बसलाय आता..."

मावशीनं भांडं खाली ठेवलं.

"रसाचा चीक ग्येला," ती म्हणाली. "तुजा न्हाय ग्येला अजून."