लांब बाही

माझा धाकटा मुलगा फ्रिज दुरुस्त करतो. कुणाच्या घरी गेला की आधी फ्रिजला कान लावतो, डॉक्टर छातीला नळी लावतात तसा, आणि मग घरच्या बाईला विचारतो, "दार नीट लागतं का हो?" पुष्कळदा दारच लागलेलं नसतं. मग दाराचं रबर पुसतो, दार लावून दाखवतो आणि हात हलवत घरी येतो. मोठं काम निघालंय म्हणून लोकांना घाबरवणं त्याला कधी जमलं नाही. थोरला म्हणतो, "आई, याला धंदा कळत नाही." मी म्हणते, नसेल कळत, पण गादीला पाठ टेकली की घोरायला लागतो. तुला गोळी घ्यावी लागते.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचंय ते त्याला शोभणारं नाही.

पूल खेळायचा नाद त्याला लागला तोही फ्रिजपायीच. बाजाराच्या मागे एक अरुंद जिना आहे, त्याच्यावर खेळायचा हॉल. तिथला थंड बाटल्यांचा फ्रिज बंद पडला म्हणून हा गेला, आणि काम झाल्यावर तिथेच उभा राहिला बघत. हिरव्या कापडाचं टेबल, त्याला सहा भोकं, वर रंगीत गोट्या. लांब काठीने पांढऱ्या गोटीला ढोसायचं, पांढरीने दुसरीला ढकलायचं, आणि ती भोकात गेली पाहिजे. आपापल्या सगळ्या संपल्या की शेवटी काळी घालायची, काळी घालील तो जिंकला. एवढाच खेळ. "गोटी नाही गं आई, बॉल," असं तो चिडून सांगतो. काठीलाही क्यू म्हणायचं असतं. मला त्यातलं एकच आवडलं, की एकजण मारत असताना बाकीचे तोंड बंद ठेवतात. आमच्या स्वयंपाकघरात असा नियम असता तर माझं आयुष्य वाढलं असतं.

तिथे त्याला बेकरीवाला भेटला. चौकात बेकरी आहे ना, तोच. याच्यापेक्षा वयाने बराच मोठा, म्हणून हा त्याला दादा म्हणतो, आणि तो याला मेकॅनिक. काठी कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा, सगळं त्यानेच शिकवलं. पण त्याच्याही आधी एक गोष्ट शिकवली. इथे पंच नसतो. आपला हात किंवा कपडा चुकून बॉलला लागला, तर आपणच हात वर करायचा आणि सांगायचं. मग समोरचा म्हणेल तसं. समोरच्याने पाहिलं असो नाहीतर नसो.

"ज्याला स्वतःहून हात वर करता येत नाही, त्याने घरी बसून पत्ते कुटावेत," असं बेकरीवाला म्हणायचा. आमच्या मेकॅनिकने ते वाक्य घरी येऊन इतक्यांदा ऐकवलं की सून म्हणाली, "अहो, कळलं. आता ताट उचलताना पण हात वर करा."

संध्याकाळचं काम आटोपलं की तो जिना चढलाच म्हणून समजा. सून लोकांना सांगायची, "मला सवत आहे, पण हिरवी आहे आणि घरी येत नाही, म्हणून चालवून घेते." बोटांना निळा खडू लागलेला असायचा, तो टॉवेलला पुसायचा, त्यावरून भांडण व्हायचं. सुखाचं भांडण होतं ते. तेव्हा कळलं नाही.

मग हॉलची मोठी स्पर्धा आली. शेवटच्या डावात हे दोघेच उरले, गुरू आणि चेला. थंडीचे दिवस होते, मी त्याच्यासाठी स्वेटर विणत होते. घालून बघितला तेव्हा तो म्हणाला, "आई, बाही लांब होतेय." मी म्हटलं, "लोकर आहे, धुतली की आटते." खरं म्हणजे मला उसवायचा कंटाळा आला होता. तो स्वेटर घालूनच तो खेळायला गेला.

आणि जिंकून आला. चषक फ्रिजवर ठेवला आणि जेवायला बसला. चेहरा असा, की जणू कुणाला पोहोचवून आलाय. मी म्हटलं, दमला असेल. पुढच्या आठवड्यात हॉलच्या वतीने दुसऱ्या गावी खेळायला गेला आणि पहिल्याच फेरीत हरून परत आला. त्यानंतर काठी कपाटामागे गेली ती गेलीच.

विचारलं तर खांदा दुखतो. खांद्याला मलम आणलं तर म्हणतो, आता बरं आहे, पण मन होत नाही. "एवढं काय आहे त्यात आई, गोट्याच तर आहेत." बॉल म्हण म्हणून चिडणारा हा, आता स्वतःच गोट्या म्हणत होता. संध्याकाळभर टीव्हीसमोर बसायचा, चालू काय आहे ते विचारलं तर सांगता यायचं नाही. सुरुवातीला सून खूश होती, सवत मेली म्हणून. मग तीच म्हणायला लागली, "आई, यांना कुठेतरी पाठवा हो, मला घरात वावरायला जागा राहिली नाही." चषकात ती सेफ्टी पिना ठेवायला लागली. एकदा मी पाहिलं, तो चषकाची अक्षरांची बाजू भिंतीकडे फिरवून ठेवत होता.

स्वेटरही घालेना. थंडीत कुडकुडत कामाला जायचा. मला राग आला. डोळ्यांना दिसत नसताना विणलेला स्वेटर, आणि हा त्याला हात लावत नाही. एका रविवारी दुपारी तो स्वेटर मी त्याच्यासमोर आपटला.

"आवडला नसेल तर तसं सांग. मी पायपुसणं करते."

"बाही लांब आहे," तो म्हणाला.

"मग कापू या की. आण इकडे हात."

मी बाही उसवायला घेतली. स्वेटर अंगात घालून, हात पुढे करून तो माझ्यासमोर बसला, लहानपणी नखं कापायला बसायचा तसा. लोकर सुटत होती, मी गुंडाळत होते. निम्मी बाही उसवून झाली आणि तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

शेवटच्या डावात बेकरीवाल्याचा फक्त काळा बॉल उरला होता. तो अगदी भोकाच्या तोंडाशी होता, लहान पोरानेही घातला असता. याचा स्वतःचा एक बॉल बाकी होता. तो मारायला हा टेबलावर काळ्याच्या वरून वाकला, नेम चुकला, आणि सरळ होताना ही लांब बाही काळ्याला घासून गेली. काळा दोन बोटं सरकला, कडेला. बेकरीवाला खुर्चीत बसून चष्मा पुसत होता. त्याने पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही.

"मी हात वर करणारच होतो आई. तेवढ्यात दादा उठला, आला आणि मारून मोकळा झाला. तो आधीच ठरवून बसला होता ना, सोपा आहे म्हणून. त्याचा चुकला. मग मी माझा घातला, काळा घातला. लोक टाळ्या वाजवायला लागले. मारण्याआधी सांगायचं होतं ते मारल्यानंतर कसं सांगू? आणि जिंकल्यानंतर तर..." त्याने लोकरीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"काठी हातात घेतली की तेच दिसतं," तो म्हणाला. "खेळावंसं वाटतच नाही. कशासाठी खेळू?"

बाही माझी होती. मी एवढंच म्हटलं, "जाऊन सांग त्याला."

"इतक्या दिवसांनी? त्याला आता काय फरक पडतो? तो विसरलाही असेल."

विसरला असेल, हे त्याने मला सांगितलं खरं, पण बेकरीसमोरून जाणं त्याने सोडलं होतं. ब्रेड लांबच्या दुकानातून आणायचा, वर शिळा. चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या दिवशी मीच पिशवी घेऊन बेकरीत गेले. आपणच सांगून टाकावं असं मनात होतं. तिथे पोचल्यावर मात्र नुसती पिशवी पुढे केली.

"या मावशी," बेकरीवाला म्हणाला. "बऱ्याच दिवसांनी. मेकॅनिक कसा आहे?"

"बरा आहे. खांदा दुखतो म्हणतो."

तो हसला. "खांदा नाही हो. मला कळतं. म्हाताऱ्याबरोबर खेळण्यात त्याला आता काय गोडी वाटणार? शेवटच्या डावात भोकाच्या तोंडचा बॉल चुकलो मी. सरळ दिसत होता मला, शप्पथ सांगतो, सरळ. डोळेच गेले तर कुणाचा दोष? त्यानंतर दोन चष्मे बदलले. डॉक्टर म्हणतो नंबर तोच आहे. डॉक्टरला काय कळतंय."

बोलता बोलता त्याने कोपऱ्यातली एक लांब काठी घेतली आणि तिच्या टोकाने वरच्या फळीवरचा रिकामा डबा ओढून खाली घेतला. काठीच्या टोकाला वाकडा खिळा ठोकलेला होता. दुसऱ्या टोकाला नक्षी होती, हातांनी गुळगुळीत झालेली. मी ओळखली ती. आमच्याकडे कपाटामागे तिची बहीण आहे.

"ही तुमची खेळायची ना?"

"होती. आता कामाला तरी येते."

मी ब्रेड घेतला आणि निघाले.

घरी आल्यावर चप्पल न काढताच मुलासमोर उभी राहिले. "त्याने काठीला खिळा ठोकलाय," मी म्हटलं. "त्याला वाटतंय त्याचे डोळे गेले. तू जिंकलास म्हणून नाही वाटत, तू गप्प बसलास म्हणून वाटतंय."

तो उभा राहिला. पुन्हा बसला. मग कपाटामागे हात घालून काठीची पिशवी ओढली, कोळिष्टकासकट. मीही माझ्या पिशवीत स्वेटर, लोकर आणि सुया भरल्या.

"तू कुठे?"

"बाही माझी होती," मी म्हटलं. "आणि तू अर्ध्या रस्त्यातून परत फिरशील."

बेकरीत गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत तो दारात उभा राहिला, आणि मग त्याने काय केलं, तर हात वर केला. शाळेतल्यासारखा, खांद्याच्या वर. बेकरीवाला ट्रे पुसता पुसता थांबला.

"दादा, माझी बाही लागली होती. काळ्याला. शेवटच्या डावात. तुम्ही यायच्या आधी तो सरकला होता. तुमचे डोळे बरोबर होते."

बेकरीवाला पुन्हा पुसायला लागला. ट्रे पुसून झाला, दुसरा घेतला, तोही पुसला. मला वाटलं आता हाकलून देतो. दिलं असतं तर बरोबरच होतं.

"किती सरकला?" त्याने विचारलं.

"दोन बोटं. कडेला."

"दोन चष्मे केले मी," तो म्हणाला. "बायको हसली. दूधवाल्याला सुटे देताना तीनदा बघायला लागलो. आणि तू दुसरीकडचा शिळा ब्रेड खात बसलास."

मुलाने मान खाली घातली. वर काढलीच नाही. बेकरीवाल्याने एप्रन काढून खुंटीला लावला, बायकोला हाक मारून दुकान बघायला सांगितलं आणि निघाला. कुठे ते कुणी विचारलं नाही. मी जिना कशी चढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

हॉलमध्ये टेबल रिकामं होतं. बेकरीवाल्याने पांढरा बॉल ठेवला, मग काळा. "इथे होता."

"नाही दादा, अजून जरा अलीकडे."

"मला शिकवू नकोस. खुर्चीतून मी तासभर त्याच्याकडेच बघत होतो."

"बघत होता तर बाही कशी नाही दिसली?"

हे बोलून झाल्यावर मुलाने जीभ चावली. बेकरीवाल्याने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या नाकातून आवाज आला, हसल्यासारखा. मग काळा बॉल कुठे होता यावर दोघांचं असं जुंपलं, की हॉलवाला काउंटर सोडून आला. पांढरा कुठे होता, कडेपासून किती, खडू कुठे ठेवला होता, सगळं दोघांना पाठ. माझ्या पोराच्या आवाजात इतक्या दिवसांनी जीव आला होता, आणि तोही स्वतःच्याच चुकीवरून भांडताना.

शेवटी जागा ठरली. बेकरीवाल्याने हात पुढे केला तर हातात काठी नव्हती. मुलाने आपली पिशवी उघडली, क्यू जोडला आणि त्याच्या हातात दिला. बेकरीवाल्याने नवा चष्मा काढून खिशात ठेवला, जुना घातला, वाकला. हॉलमध्ये माझ्या सुयांचा आवाज यायला लागला म्हणून मी विणणं थांबवलं.

काळा बॉल भोकात गेला. असा गेला, जसा आपल्या घरी जातो.

बेकरीवाला तिथेच वाकलेला राहिला, भोकाकडे बघत. मग सरळ झाला. "हं," म्हणाला. बस, एवढंच.

"चषक उद्या आणून देतो दादा."

"नको. तुझ्या बायकोने पिना ठेवल्यात म्हणे त्यात. मावशींनी जिना चढताना सांगितलं. तिला कशाला त्रास." मग काठी वर धरून तिच्याकडे बघितलं. "ही मात्र मी ठेवतो. माझीला तू खिळा ठोकायला लावलास."

"ठेवा."

"आणि माफ केलं असं समजू नकोस. बॉल लाव."

मुलाने हॉलची एक काठी घेतली, जरा वाकडीच होती ती. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, मग आणखी एकदा दुमडल्या, दंडापर्यंत. मी बाकावर बसून बाही विणत होते, या वेळी मोजून.

पहिलाच फटका मारायला तो वाकला आणि एकदम हात वर केला.

"आता काय?" बेकरीवाला म्हणाला.

"लागलं वाटतं."

"काय लागलं? तुझी बाही खांद्यात जाऊन बसलीये."

"मला वाटलं लागलं."

"मारतोस की मी जाऊ? भट्टी पेटवायचीय मला."

त्याने मारलं. चुकलं. काठी वाकडी आहे, असं तो पुटपुटला, आणि पुढच्या फटक्याआधी खडू घासायला लागला, जोरजोरात, बोटं निळी होईस्तोवर. घरी जाऊन टॉवेलला पुसणार, हे मला दिसत होतं. सुनेला आधीच सांगून ठेवावं, असं मनात आलं. मग म्हटलं नको. भांडू देत.