शेजाऱ्याच्या बँजोची कॅसेट

सौदीत अबकैकला, तेल कंपनीच्या कॅम्पात, आमच्या शेजारी एक अमेरिकन इंजिनिअर राहत असे. तो बँजो, म्हणजे तिकडचे गिटारसारखे तंतुवाद्य, वाजवी. त्याच्या डोंगराळ मुलखातल्या त्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात, हे तुम्हा नातवंडांना अमेरिकेत राहून माहीत असेलच. सतरा-अठराव्या वर्षी त्याने धाकट्या भावाबरोबर घरातच काही गाणी टेप केली होती. हा वाजवी, भाऊ गाई. भाऊ पुढे तरुणपणीच वारला. त्या गाण्यांची एकच कॅसेट उरली होती. आमच्याकडे दोन कॅसेटांचा टेपरेकॉर्डर होता, म्हणून प्रत करायला त्याने ती माझ्याकडे दिली.

शुक्रवारी कॅम्पातले कोकणातले कामगार आमच्याकडे येत. पत्र लिहिण्याऐवजी कॅसेटवर बोलून ती गावी पाठवायची त्यांची पद्धत होती. त्यासाठी कोऱ्या कॅसेटांचा डबा मी टेपजवळ ठेवी. शेजाऱ्याची कॅसेट मी वर नाव न लिहिता त्याच डब्यावर ठेवली, आणि रत्नागिरीकडच्या एका फिटरने नेमकी तीच घेतली. माझ्या लक्षात आले तोवर ती सुट्टीवर जाणाऱ्याबरोबर गावी गेली होती.

‘वहिनी, पंधराच मिनिटं बोललो मी,’ फिटर म्हणाला. ‘जास्त बोललो तर आई म्हणते, तिथे कामाला गेलायस की गप्पा मारायला?’

‘तुझ्या डब्यात कधी घोटाळा होत नाही ना?’ तुमचे आजोबा मला टोमणा मारत म्हणाले.

मी शेजाऱ्याला जाऊन सांगितले. कोणती बाजू, एवढेच त्याने विचारले. मला ठाऊक नव्हते.

कॅसेट परत आणायला फिटरने गावी पत्र टाकले, आणि दोन महिन्यांनी सुट्टीवर गेलेला तो माणूस ती घेऊन परतला.

‘फिटरची म्हातारी सोडायलाच तयार नव्हती,’ तो म्हणाला. ‘लेकाचं बोलणं संपलं तरी टेप बंद करू देत नाही. ज्याचा बाजा आहे त्याला द्या म्हणाली, पण लेकाचा आवाज पुसू नका.’

शेजाऱ्याकडे आम्ही ती लावली. फिटर घराची कौले, रेडकू, जेवण यांवर बोलला, ‘आता ठेवतो’ म्हणाला, आणि भावाचे गाणे अर्ध्या कडव्यापासून सुरू झाले. आधीची तीन गाणी गेली होती. शेजाऱ्याने दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. मग टेपवरचा तो फिटर काय सांगत होता, असे विचारले. मी कौलांपासून सगळे सांगितले, म्हातारीची अटही सांगितली.

‘ही तिला परत पाठवा,’ तो म्हणाला. ‘मला प्रत चालेल.’

प्रत मी त्याच दुपारी केली.