शाल पांघरलेला राउटर

संगणक शिकवायला लागले तेव्हा वाटलं होतं, यात सांगण्यासारखं काय घडणार! आता किस्से इतके साचलेत की एकेक आठवला तरी डोकं तापतं. आमची शाळा अमडापूरच्या पलीकडे. संगणक दहा, आणि नेट म्हणजे मुख्याध्यापकांच्या खिशातला मोबाइल! सर घरी जेवायला निघाले की नेटही जेवायला जायचं. तक्रार केली तर म्हणाले, "मॅडम, मंग मी काय उपाशी राहू?"

*

शेवटी वायरचं कनेक्शन आलं. ते दहा संगणकांना वाटून द्यायला राउटर हवा. मागितला, तर सरांनी भंगारातला संगणक दाखवला! चिडून मी त्यातच दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. एका वायरीनं नेट आत, दुसरीनं बाहेर. झाला राउटर! मॉनिटरची गरज नव्हती, तो काढून ठेवला; उरला नुसता डबा. शिपाई रामभाऊ डबा निरखून म्हणाले, "म्याडम, याले तं तोंडच नाही. हे काम करते का नुसतं बसून राह्यते?"

*

दुसऱ्या दिवशी नेट बंद. बटण रामभाऊंनी बंद केलेलं. "त्याच्यासमोर कोणी बसतच नाही. काऊन फुकटची लाईट जाळता?"

मी डब्यावर मोठी पाटी चिकटवली : बंद करू नये. तेव्हापासून ते बटणाला हात लावत नाहीत. थेट प्लग काढतात!

*

गणिताच्या सरांना आडव्यातिडव्या वायरी बघवेनात. त्यांनी दोन्हींची अदलाबदल करून सरळ लावल्या. मी अर्धा दिवस बिघाड शोधतेय, आणि हे मलाच सुनावतात, "दोन्ही सारख्याच तं हायेत! माणसानं जरा टापटीप राहावं."

*

खंडेनवमीला डब्याची पूजा झाली, हार घातला आणि बंद! ऐन तासाला! मी भांडायला गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "एक दिवस तरी त्याले सुट्टी द्या, तुम्ही घेता तशी!"

*

मग तपासणी लागली. नेट चालू दिसलं नाही तर दहाही संगणक दुसऱ्या शाळेला जाणार, असं आधीच बजावलेलं. भर एप्रिल, वर टिनपत्रे. पण नेट एकदम मस्त चालू होतं.

तपासणीला आलेल्या साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. भंगारातल्या राउटरची गोष्ट ऐकून ते गहिवरले. "खरा मान याचा!" म्हणत त्यांनी आपली शाल डब्याला चहूबाजूंनी पांघरली आणि भाषणाला उभे राहिले.

आतला पंखा घुसमटायला लागला. मी शाल काढायला उठले, तर मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. "बसा मॅडम! साहेबांनी घातलेली शाल हाये ते!"

भाषण लांबतच गेलं. मग साहेब संगणकापुढे बसले. काहीच उघडेना. दुसऱ्यावर बसले, तिथंही तेच. डबा तापून केव्हाच बंद पडला होता.

साहेब भडकले, "एवढा मान दिला, तरी नेट देत नाही?"

दहाही संगणक गेले. पोरं गाडीमागे फाटकापर्यंत गेली. डबा तेवढा भंगारातला म्हणून मागे राहिला.

आता रिकाम्या खोलीत तो दिवसभर घरघरत असतो. रामभाऊ रोज सकाळी आठवणीनं चालू करतात. परवा मी विचारलं, "आता कशाला हो?"

"म्याडम," ते म्हणाले, "तुमचीच पाटी हाये न त्याच्यावर!"