एका रात्रीचं पीठ

माकेलाचा आठवडा गुरुवारी सुरू व्हायचा, कारण गुरुवारी ट्रक यायचा. कसावा नावाच्या कंदाच्या पिठाची पोती भरून तो राजधानीला परत जायचा, आणि जाताना जे पैसे हातावर टेकवायचा त्यावर पठारावरच्या बायांनी पुढच्या गुरुवारपर्यंत दिवस काढायचे. दुसरी आवक नाही. माकेलाचा नवरा हिरे खणायला सरहद्दीपलीकडे गेला तो गेलाच. सहा वर्षं झाली, ना निरोप ना पत्ता. मेला म्हणून रडावं तर खात्री नाही, जिवंत म्हणून वाट पाहावी तर वेळ नाही. घरात ती आणि सोळा वर्षांची पोर ओनोरिन, दोघीच.

काटकसर म्हणजे काय ते या बाईकडून शिकावं. साबणाची वडी ती दोऱ्याने सात तुकड्यांत कापायची, एका दिवसाला एक तुकडा. पामतेल बाटलीच्या झाकणाने मोजून घालायची. काडेपेटी विकत घ्यायचीच नाही, शेजारच्या चुलीतला निखारा आणायचा. गावातल्या बाया हसायच्या, "माकेलाच्या घरात उंदीर शिरला तर बिचारा जाताना शिदोरी मागतो!" माकेलाही हसायची आणि म्हणायची, "मागू दे, देणार कोण?"

तिचा एकच नियम होता. चांगलं ते ट्रकला, उरलं ते घरात. शेंगा पिकल्या, विकल्या. झाडावरच्या अळ्या गोळा करून वाळवल्या, त्याही विकल्या. नदीतली बोटभर मासळीसुद्धा वाळून पोत्यात जायची. घरात पिठाचा लुकू, म्हणजे उकडीचा घट्ट गोळा, आणि वर कसाव्याच्या पाल्याची पातळ भाजी, दोन्ही वेळा तेच. आता यात वावगं काय, सांगा मला. गरीब माणूस सगळीकडे असंच जगतं. पोटाला चिमटा घेतल्याशिवाय पोरांचं काही होत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि पोरगी होतीच तशी. तिला शहरातल्या नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती. आमच्या गावातून एवढं शिकलेली पहिलीच. सप्टेंबरात हजर व्हायचं, आणि त्याआधी, ऑगस्टच्या मध्यापर्यंत, सगळे पैसे एकदम भरायचे. जून संपला तेव्हा माकेलाने हिशेब केला. हातात सात गुरुवार होते. दर गुरुवारी एक पोतं दिलं तर अर्धे पैसे जमणार. दोन दिली तर पुरे.

अडचण पाण्याची होती. आमच्या पठारावरचा कसावा कडू. गोड कंद लावला तर रानडुकरं ठेवत नाहीत, कडूला कुणी तोंड लावत नाही, म्हणून सगळे कडूच लावतात. तो उपटायचा, खाली दरीतल्या ओढ्यात डोहात टाकायचा, वर दगड ठेवायचे आणि तीन रात्री तसाच राहू द्यायचा. तीन म्हणजे तीन. तिसऱ्या रात्री कडूपणा पाण्यात जातो. मग सोलायचा, वाळवायचा, कुटायचा. हे आमच्या आज्या-पणज्यांनी ठरवलंय आणि त्यांना विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

पण तीन रात्रींच्या हिशेबाने आठवड्यात दुसरं पोतं बसत नव्हतं. ट्रकवरचा दलाल मोठा चिकित्सक. प्रत्येक पोत्यात हात घालून पीठ चाटून बघायचा, कडू लागलं की पोतं खाली. म्हणून माकेलाने तोड काढली. ट्रकची दोन्ही पोती पुऱ्या तीन रात्रींची. डोहात तेवढीच जागा, मग घरासाठी जे कंद उरत, लहान, वेडेवाकडे, ते शेवटी टाकायचे आणि एका रात्रीत काढायचे. घरच्यांना थोडं कडू लागलं तर कुठे बिघडतं?

पहिल्या आठवड्यात ओनोरिन म्हणाली, "आई, जेवल्यावर डोकं गरगरतंय गं."

"उन्हात फिरतेस ना. झोप जरा."

माकेलाचंही डोकं गरगरत होतं. तिने सांगितलं नाही.

तिसऱ्या गुरुवारनंतर ओढ्यावर त्सिम्बा भेटली. शेजारची म्हातारी, विधवा, तोंडाची फटकळ. गाव तिला टरकून असायचं. माकेलाला एका रात्रीचे कंद टोपलीत भरताना तिने पाहिलं आणि काठी आपटली.

"अगं ए, काल टाकलेस ना हे? डोळे फुटले नाहीत माझे."

"घरच्यापुरते आहेत, मावशी."

"घरच्यापुरते! आणि दलालासाठी तीन रात्री? तो काय तुझा जावई लागतो?"

चार बाया कपडे धूत होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. त्सिम्बा मात्र हसत नव्हती. "पलीकडच्या गावातल्या दोघी बहिणींचं ऐकलंस का? एका आठवड्यात दोघींचे पाय बांधले गेले. पकडलेल्या हरणाचे बांधतात ना, तसे. आता काठीवर टेकत चवड्यांवर चालतात. एकदा बांधलेले पाय सुटत नाहीत, माकेला. तुझ्या पोरीचे पाय बांधले जातील, लिहून ठेव."

असलं अभद्र कुणी उघड बोलत नाही. माकेला संतापली. "जीभ आवरा, मावशी! लेकराचं नाव घेता?"

"घेते. दवाखान्यातल्या नर्सने पण हेच सांगितलं ना रविवारच्या प्रार्थनेनंतर? तीन रात्री भिजवा, सोबत शेंगा खा. तू तिथेच होतीस."

"तिला पगार आहे. तिने खाव्यात शेंगा," माकेला म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चढ चढू लागली.

पण ते शब्द तिच्या मागे मागे घरापर्यंत आले. त्या दिवसापासून ती पोरीच्या पायांकडे बघू लागली. ओनोरिन झाडलोट करताना, पाणी आणताना, दारात बसून जुनी वही वाचताना माकेलाची नजर तिच्या पोटऱ्यांवर. एकदा तर झोपलेल्या पोरीचे घोटे तिने हाताने चाचपून पाहिले. मऊ होते, नेहमीसारखे. ती मनाशी म्हणाली, चारच गुरुवार राहिले.

चौथ्यानंतर तिने ठरवलं की पुरे, आता घरचेही तीन रात्री ठेवायचे. पण त्याच आठवड्यात ओढ्याचं पाणी आटलं, डोह निम्मा झाला, आणि त्यात ट्रकचेच कंद जेमतेम मावले. शेंगांचं एक गाडगं घरात होतं. तिने झाकण उघडलं, मूठभर शेंगा हातात घेतल्या, खूप वेळ तशीच बसली, आणि परत आत टाकल्या. त्या गुरुवारी गाडगंही ट्रकवर गेलं. मला तिचा राग येतो, खरंच येतो. आणि तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे विचारलंत तर मी मान खाली घालेन.

सहाव्या आठवड्यात ओनोरिन चढावर दोनदा पडली. दुसऱ्यांदा कंद घरंगळत खाली गेले आणि ती हसत सुटली. "पाय ऐकतच नाहीत गं माझे! शहरात जायची घाई झालीय त्यांना." माकेलाने कंद वेचले.

सातव्या गुरुवारी ट्रक सकाळीच आला. दलालाने दोन्ही पोत्यांत हात घातला, पीठ चाटलं, मान डोलावली. "तुझ्यासारखं पीठ या पठारावर कुणाचं नाही, वहिनी." माकेलाने पैसे मुठीत धरले. घरी डब्यात साठवलेले आणि हे मिळून पुरे होत होते. एक फ्रँक जास्त नाही, एक कमी नाही. ती घराकडे जवळजवळ पळतच निघाली.

ओनोरिन उंबऱ्याशी जमिनीवर होती. हात टेकून उठायचा प्रयत्न करत होती, उठत होती आणि गुडघे एकमेकांवर आपटून पुन्हा बसत होती. पाय लाकडासारखे ताठ, टाचा जमिनीला लागत नव्हत्या. तिला दुखत नव्हतं. म्हणूनच ती जास्त घाबरली होती.

"आई, माझे पाय कुणी बांधले?"

माकेलाच्या मुठीतले पैसे खाली पडले.

दुपारपर्यंत अंगण भरलं. माकेलाचा थोरला भाऊ मुझिंगा आला, आमच्यात मामाचा शब्द शेवटचा. आणि असं काही झालं की आमच्यात पहिला प्रश्न एकच विचारतात: ही करणी कुणी केली? ओढ्यावरच्या त्या चार बाया पुढे झाल्या. त्यांनी ऐकलं होतं. 'तुझ्या पोरीचे पाय बांधले जातील,' त्सिम्बा म्हणाली होती, 'लिहून ठेव' असंही म्हणाली होती. बघता बघता दोघे जण गेले आणि म्हातारीला दंडाला धरून घेऊन आले. तिची काठी कुणीतरी काढून घेतली होती. नेहमी तोंडाचा पट्टा चालवणारी त्सिम्बा एक अक्षर बोलली नाही. अशा वेळी तोंड उघडणाऱ्या बाईचं काय होतं ते तिने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. शेवटच्या वेळी तर त्या बाईचं घर जाळलं होतं.

"कबूल कर," मुझिंगा म्हणाला. "सोड पोरीला."

"दादा, थांब," माकेला म्हणाली. "मी केलं. या हातांनी."

"डोकं फिरलंय तिचं. बसवा तिला."

"एका रात्रीचं पीठ घातलं मी तिला, सात आठवडे. चांगलं सगळं विकलं."

"पिठाने पाय बांधले जातात होय?" मुझिंगा चिडला. "आम्ही काय माती खात आलो जन्मभर?"

माकेला आत गेली. सकाळचा लुकू भांड्यात तसाच होता. ते भांडं तिने भावाच्या पुढ्यात ठेवलं, आणि ओढ्यावरच्या बायांकडे वळली. "दादा, जेव. बायांनो, तुम्हीपण या. घरचंच आहे."

मुझिंगाने घास तोडला. तोंडाजवळ नेला. कडू कसाव्यावर जन्म काढलेला माणूस तो, वासानेच त्याला कळलं, हे पुरतं भिजलेलं नाही. घास तसाच हातात राहिला. मग त्याने तो भांड्यात परत ठेवला आणि म्हणाला, "मी घरून जेवून आलोय." बाया आपापल्या पायांकडे बघत होत्या. भांड्याला कुणीच हात लावला नाही.

तेवढ्यात चटईवरून ओनोरिन म्हणाली, "आई, मला भूक लागलीय."

घरात दुसरं पीठ नव्हतं. माकेलाने भांडं उचललं आणि उकिरड्यावर उपडं केलं. मग ती सरळ त्सिम्बासमोर जाऊन उभी राहिली. म्हातारीला अजून दोघांनी धरलेलंच होतं. जिच्यावर असा आळ आहे तिच्या हातचं आमच्यात कुत्र्यालाही घालत नाहीत. आणि घातलंच कुणी, तर त्यानंतर आळ घ्यायला जागा उरत नाही.

"मावशी, तुमच्या घरी तीन रात्रींचं पीठ असेल ना? पोरीला घालायला द्या थोडं."

दोघांनी म्हातारीच्या दंडावरचे हात काढले. त्सिम्बा काठीशिवायच घरी गेली. परत आली ती गरम लुकू आणि वाटीभर शिजलेल्या शेंगा घेऊन. रडत होती आणि शिव्या देत होती. "आता मागतेस होय, मेले? आधी मागायला तुझी जीभ झडली होती?" मुझिंगाने आपली टोपी उचलली आणि तो निघून गेला. त्याच्या मागोमाग एकेक जण पांगला.

माकेलाने पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि घास भरवायला सुरुवात केली. ओनोरिन भुकेली होती, भराभर खाल्लं तिने. थोडी हुशारी आली तशी तिने वर पाहिलं.

"आई, सप्टेंबरपर्यंत सुटतील ना गं?"

त्सिम्बाने तोंड फिरवलं. माकेलाने पुढचा घास केला, त्यात दोन शेंगा दाबल्या आणि तो पोरीच्या तोंडात घातला.