गोदामाचं सील

"पहिला पॅटर्न कोण उचलणार, एवढंच ठरायचं राहिलंय," मी म्हणाले.

कोलकात्यात एस्प्लनेडच्या माझ्या ऑफिसात टेबलाच्या दोन टोकांना शोमेनबाबू आणि बिमलजी बसले होते. हावड्यातल्या एका फाउंड्रीचे भागीदार. भागीदारी मोडली, कोर्टात गेली आणि कोर्टाने ती मीडिएशनसाठी, म्हणजे मध्यस्थीसाठी, माझ्याकडे पाठवली. मीडिएटर निकाल देत नाही. भांडणाऱ्यांना खोलीबाहेर जाऊ देत नाही, इतकंच.

भांडण पॅटर्नचं होतं. पॅटर्न म्हणजे जो भाग ओतायचा त्याचा लाकडी नमुना. वाळूत त्याचा ठसा घेतात, ठशात लोखंड ओततात. ज्याच्याकडे पॅटर्न, त्याच्याकडे गिऱ्हाईक. दोघांनीही ते मागितले, म्हणून कोर्टाने ते ठेवलेल्या गोदामाला सील ठोकून सगळं 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. दोन्हीकडच्या सीनिअर वकिलांनी हा आपापला विजय मानला.

पावसाळ्यात शोमेनबाबूंनी गोदाम उघडून हवा खेळू द्या, असा अर्ज केला. बिमलजींच्या वकिलांना त्यात मापं उतरवून घेण्याचा डाव दिसला. पुढे बिमलजींनी वाळवीचं औषध मारायची परवानगी मागितली. शोमेनबाबूंच्या वकिलांना त्यात अदलाबदलीचा वास आला. दोन्ही हरकती उत्तम इंग्रजीत होत्या. दोन्ही मान्य झाल्या.

माझ्याकडे मात्र तोडगा निघाला: आळीपाळीने एकेक पॅटर्न निवडायचा.

"दादा मोठे आहेत. पहिला त्यांचा," बिमलजी म्हणाले. भांडण सुरू झाल्यापासून 'दादा' हा शब्द त्यांच्या तोंडी आला नव्हता. शोमेनबाबूंनी सगळ्यांसाठी मिठाई मागवली, छेन्याचे संदेश.

कोर्टाच्या परवानगीने आम्ही हावड्याला गेलो. सील निघालं. दोन्ही सीनिअर नाकाला रुमाल लावून दारातच थांबले. शोमेनबाबू सरळ मोठ्या गिअरच्या पॅटर्नपाशी गेले. तो त्यांनी स्वतः आखलेला होता. त्यांनी कडेवर बोट टेकवलं. बोट आत गेलं.

बिमलजींनी शेजारचा उचलला. त्याचा हातातच भुगा झाला. मग दोघं बराच वेळ रॅकमागून रॅक चाचपत राहिले.

"घ्या दादा. पहिला तुमचा."

"सगळे तुम्हीच न्या, बिमलजी. कोर्टात हेच मागत होतात ना?"

तडजोडीवर दोघांनी तिथेच सह्या केल्या. भांडायला काही उरलंच नव्हतं. फाउंड्रीची भट्टी पुन्हा पेटली नाही. माझ्या नावावर मात्र एक यशस्वी मीडिएशन जमा झालं.

आता कुणी 'जैसे थे' मिळाला म्हणून मिठाई घेऊन आलं, की मी एवढंच विचारते: ऑर्डरची प्रत वाळवीला पोचवलीत का?