शामूचं नेलकटर

चर्चमधली भक्ती सुटली की आम्ही तरुण संघाची पोरं सायकली लावून कंपाउंडच्या भिंतीवर बसतो. तिथं एक किस्सा निघाला की त्याला धरून दुसरा येतोच, आणि प्रत्येकात हीरो कोण? शामू! मी पण असतोय त्यात. "विलास बरोबर होता," एवढाच.

शामू म्हणजे शमुवेल. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, बोलायला मुखदुर्बळ. मी शाहूपुरीत टायपिंग शिकवतो, बेलबॉटम घालतो, आणि न अडखळता दहा मिनिटं प्रार्थना करू शकतो. पाळकसाहेबांनी दर रविवारी सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात जायला आमची जोडी लावली. म्हटलं, आता विलासचं नाव होणार. एकदा तरी कुणीतरी मला नावानं हाक मारावी, दुसरं काय मागत होतो मी?

*

पहिल्याच रविवारी एक ट्रक ड्रायव्हर भेटला. पाय मोडलेला, वजन बांधून टांगलेला, दोन महिने उताणा. मी डोळे मिटून अशी प्रार्थना केली म्हणता, अख्खा वॉर्ड गप्प. आमेन म्हणून डोळे उघडतोय तर हा म्हणतोय, "झालं? मग तेवढी पायाची नखं बघा की पावणं. हात पोचत न्हाय, चादरीत अडकत्यात."

मी पुढचं स्तोत्र शोधत होतो. शामूनं सिस्टरकडनं कात्री आणली आणि पायाशी बसला.

पुढच्या रविवारी शामूच्या खिशात नेलकटर. आम्ही दारात दिसलो की वॉर्डभर पायावरच्या चादरी वर!

*

बायकांच्या बाजूला हुपरीची एक आजी होती. घरी पैंजणं बनवायची, खुबा मोडून पडलेली. शामू दुसऱ्या कॉटपाशी गुंतलेला बघून मी म्हटलं, "आजी, मी कापू?"

"नगं बाबा," ती म्हणाली. "तू बोलत ऱ्हातोस. माझं बोट जाईल."

मग शामू आला. आजीनं त्याला विचारलं, "का रं करतोस हे? पुण्य लागतंय व्हय?"

शामूची नजर नखावरच. "आमच्या येशूनं शिष्यांचं पाय धुतलं, आजी. मला नखं तेवढी जमत्यात."

आजीनं पदर डोळ्याला लावला. आता बघा, याच विषयावर मी तिच्याच उशाशी मागच्या रविवारी पंचवीस मिनिटं बोललेलो. तेव्हा ती घोरत होती.

*

मग मी पण डोकं चालवलं. मामा मुंबईत गोदीवर हाय, त्याच्याकडनं फॉरेनचं नेलकटर मागवलं. आत घडी घातलेली कानस, चकचकीत. आणि रविवारच्या आधी, शनिवारीच दुपारी एकटा वॉर्डात गेलतो.

एकाची चादर हलेना.

"उद्या शामू येणार हाय की," जो तो हेच. शेवटी कोपऱ्यातल्या चाचांकडे गेलो. चाचा पेशानं शिंपी, कमरेपासनं खाली प्लास्टरात, बोटं तेवढी बाहेर. त्यांनी माझं नेलकटर हातात घेऊन उलटंपालटं केलं, छान हाय म्हणाले, परत दिलं.

"बेटा, चाळीस वर्षं कपडे शिवतोय मी. चांगलं गिऱ्हाईक शिंपी बदलत नसतंय."

*

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. म्हटलं आपली आई हाय, आपली बाजू घेईल.

आई भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "त्या शामूला एकदा जेवायला आण की. माझ्या टाचंच्या भेगा तरी बघंल."

*

आता शेवटचं सांगतो. हे भिंतीवर बसून अजून कुणाला सांगितलेलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, भक्तीत सगळे डोळे मिटून असताना मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, "शामूला एक-दोन रविवार सुट्टी दे. जास्त नको."

बुधवारी फाउंड्रीत लोखंडी साचा शामूच्या पायावर पडला.

तीन दिवस टायपिंगच्या पोरांना काय शिकवलं, मला ठाऊक नाही. रविवारी वॉर्डात गेलो, तर शामूचा पाय टांगलेला, आणि पायथ्याशी एक पेशंट कुबड्या कॉटला टेकवून शामूची नखं कापतोय. मागं आणखी दोघं उभे. मी पुढं घुसलो तर कुबड्यावाला म्हणाला, "लायनीनं, पावणं."

खोटं कशाला बोलू, त्यातनं पण माझ्या पोटात दुखलं.

माझा नंबर आला तेव्हा कापायला काही उरलंच नव्हतं. मी शामूच्या उशाशी वाकलो आणि एका दमात सगळं ओकलो. नेलकटर, शनिवार, प्रार्थना, सगळं. "शामू, हे माझ्यामुळं झालंय."

शामू म्हणाला, "म्हंजे देव तुझं ऐकतोय म्हण की."

त्यानं उशी मानेखाली सरकवली.

"मग आता माझं उठायचं बी माग."

शेजारच्या कॉटवर खांदा निखळलेला एक पैलवान होता. तो कोपरावर रेटा देऊन उठून बसला.

"आन् माझं बी," तो म्हणाला. "नाव काय म्हणालास तुझं?"