पट्ट्यापलीकडे

आमच्या गॅलरीसमोर शहराचा हिरवा पट्टा आहे, बांधकामाला बंदी असलेली शेतजमीन. तिथे मेथी खुडणाऱ्या एक बाई रोज संध्याकाळी उठून बसमधल्या कुणाला तरी हात हलवतात. एकदा भाजी घेताना मी विचारलंच.

"माझा मुलगा, ताई. लग्नानंतर इथंच घर बांधणार होता. पण पट्ट्यात परवानगी मिळेना. मग पार पलीकडं राहायला गेला. तिकडं आता नवी वस्तीच उभी राहिलीय."

"आणि पट्टा उठवला तर?"

त्यांनी मेथीच्या वाफ्याकडे पाहिलं. "तर मुलगा परत येईल. रान मात्र जाईल."

शहराला श्वासापुरती मोकळी जागा हवीच, असं मी नेहमी म्हणते. ती जागा कुणाच्या तरी घराची असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. जुडी हातात घेतली आणि पैसे पुढे केले.